धूर नसलेली शेगडी

चांदूर बाजाराजवळच्या त्या गावात कापसाला असा भाव आला, की कापूस घरात निजू लागला आणि माणसं अंगणात. खुशालरावांनी माजघर भरलं, ओसरी भरली, देव कोनाड्यात सरकवले. उरलं सैपाकघर. तिथं पहिल्या बाळंतपणाला आलेली त्यांची लेक सुभद्रा होती, आणि तिच्या बाजेखाली शेकाची शेगडी.

खुशालरावांना ठिणगीचा धसका होता. शेजाऱ्याची भरली खोली ठिणगीनंच गेली होती. म्हणून त्यांनी चूल अंगणात नेली आणि उडती ठिणगी आत पडू नये म्हणून धाब्याच्या छतातलं धुराडं शेणमातीनं लिंपलं. लाकडाच्या धुरानं कापूस पिवळा पडतो, अमरावतीचा दलाल वास घेऊन तोंड फिरवतो. तेव्हा शेगडीत नुसते कोळसे. ना धूर, ना ठिणगी. ही अक्कल ते पारावर फुकट वाटत.

बाळ झाल्याच्या नवव्या दिवशी सुभद्रा म्हणाली, "माय, डोकं लय जड पडून राह्यलं."

मनकर्णाबाईंनी लेकीची नजर उतरवली. तरी मन मानेना, म्हणून नवऱ्याला धुराडं उघडायला सांगितलं.

"काहून? धूर कुठं हाय तुह्या सैपाकघरात?"

धूर नव्हताच. खरं बोलणाऱ्या माणसाशी काय भांडावं? त्या अंगणातल्या चुलीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतिणीचं न्हाणं झालं. वारं लागू नये म्हणून मनकर्णाबाईंनी शेगडी भरून दार लावून घेतलं. सुईण पार्बताबाई अंगणात उन्हाला बाळाला तेल चोळत होती. बाळ तिच्या मांडीवरच झोपलं. भुकेनं उठलं, तेव्हा दोघी त्याला घेऊन आत गेल्या.

सुभद्राच्या गालांवर लाली होती. लेक सुधारली, असं मनकर्णाबाईंना क्षणभर वाटलं.

पण हाकेला ती उठेना. पार्बताबाईनं शेगडी बाहेर ओढली, तिचे तळवे चोळले, तोंडावर पाणी मारलं. मग तिनं हात आवरले.

खुशालराव धावत आले. आधी त्यांनी कापसाच्या ढिगांकडे पाहिलं, मग लेकीकडे. "आग तं कुठंच नाई," ते येईल त्याला सांगत राहिले.

तिन्हीसांजेला, मसणातून परतल्यावर, ते बायकोला म्हणाले, "पोराले आत घे. थंडी हाय."

"आत कापूस हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि नातवाला पदराखाली घेऊन पार्बताबाईच्या खोपटात गेल्या.

तिथं चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. बाळ खोकत होतं. मनकर्णाबाई त्याचा एकेक खोकला कान देऊन ऐकत बसल्या.