थाप

"डावा आधी, काका," घोरपड म्हणाला आणि त्याने डावा हात पुढे केला.

दहा वर्षं हेच चाललंय. बुक्की उजव्याची, पण पट्टी आधी डाव्याला. का, ते त्यालाही माहीत नाही. मी त्याला खुर्ची उलटी करून बसवलं, हात खुर्चीच्या पाठीच्या कडेवर टेकवला आणि मनगटापासून पट्टी गुंडाळायला लागलो. लढतीला तासभर होता.

मी मूळचा दवाखान्यातला ड्रेसर. तीस वर्षं लोकांच्या जखमा बांधल्या. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा तालमीत आलो आणि जखमा व्हायच्या आधीच बांधायला लागलो. जाळीच्या पिंजऱ्यात लाथा, बुक्क्या, कुस्ती, सगळं एकत्र चालणारा हा खेळ. पहिल्या दिवशी वाटलं, ही तर शुद्ध मारामारी. दुसऱ्या दिवशी परत यायचं नाही असं ठरवलंच होतं, तेवढ्यात हा दिसला. एकवीस वर्षांचा, काटकुळा, कानांनी मोठा.

घोरपड हे नाव वस्तादांनी ठेवलं. मागून एकदा चिकटला की पहार लावली तरी निघायचा नाही. पण समोरच्याने हार मानून थाप दिली, की त्याच क्षणी सुटायचा. तसा नियमच आहे, अंगावर थाप पडली की सोडायचं. बाकीचे मात्र पंच ओरडेपर्यंत एखादा झटका जास्तीचा देऊन घेतात. हा नाही. एकदा सरावात कुणीतरी कौतुकाने त्याची पाठ थोपटली, तर याने हातातला गडी सोडून दिला! वस्तादांनी कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, ती शाबासकी होती!"

"मला काय माहीत? थाप म्हणजे थाप," हा म्हणाला.

एरवी आपण थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं म्हणतो. पिंजऱ्यात मात्र थापेइतकं खरं दुसरं काही नसतं.

काय दिवस होते ते! चौदा लढती, चौदाच्या चौदा जिंकल्या. दहाव्या लढतीनंतर याने मला खांद्यावर बसवून पिंजऱ्याभोवती फिरवलं. साठी उलटलेला मी, वर बसून हात हलवतोय! बायको घरी म्हणाली, "पडला असतात तर कुणी बांधलं असतं तुम्हाला?" मी तीन दिवस हसत होतो. इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नाही, खोटं कशाला बोलू.

मग ज्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं अशा एकाने पहिल्याच फेरीत जबड्यावर एक ठेवून दिली आणि घोरपड आडवा. म्हटलं, होतं एखाद्या दिवशी. पुढच्या खेपेला तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही तेच. बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरावं? कुणी म्हणे डोक्यात हवा गेली, कुणी म्हणे लग्न नडलं. लग्न कसलं नडतंय! शाळेत शिकवणारी गुणी पोरगी आहे त्याची बायको. गेल्या आठवड्यात ती माझ्या घरी आली होती.

"काका, परवा हा जुन्या घरी गेला. तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या. किल्ली लागेना म्हणून तिथल्या माणसांवरच चिडला. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"थकलाय गं," मी म्हणालो. "एवढी लढत होऊ दे, मग मी बघतो."

उभा जन्म दवाखान्यात काढलेला माणूस मी. डोक्यावर मार खाल्लेली माणसं कमी पाहिली नाहीत. चक्क थाप मारली मी तिला. कारण मला पुन्हा त्या खांद्यावर बसायचं होतं.

डावा हात झाला. दोन्ही हात झाले की दारात उभा असलेला स्पर्धेचा अधिकारी पट्टीवर सही करतो. त्याशिवाय ग्लोव्ह चढवता येत नाहीत. मी दुसरा गुंडाळा घ्यायला वळलो.

"डावा आधी, काका."

पांढराशुभ्र बांधलेला डावा हात त्याने पुढे धरला होता.

"अरे, झाला की!"

"हो की!" तो हसला. मीही हसलो. मी चिकटपट्टीचं टोक शोधत होतो, तर पुन्हा मागून आवाज.

"काका, डावा आधी हं."

या वेळी तो हसत नव्हता. आधी बोललोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी त्याच्यासमोर बसलो. "आज कितवी रे तुझी?"

"पंधरावी," तो खुशीत म्हणाला. "चौदा मारल्या, ही पंधरावी."

अठरावी होती.

मी वस्तादांना हाक मारली. "वस्ताद, मी उजवा बांधणार नाही." आणि जे पाहिलं ते सांगितलं. त्याची बायको काय म्हणाली तेही, आणि मी तिला काय म्हणालो तेही.

"बाहेर सभागृह भरलंय, काका."

"भरू दे. दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्याल, तर मी त्या अधिकाऱ्याला जाऊन सांगेन."

मला वाटलं, आता माझ्यावर धावून येणार. पण ते बाकावर मटकन बसले. "सरावात तोच डाव तीनतीनदा विचारतो," ते म्हणाले. "मी आपला म्हणायचो, लक्ष नाही याचं."

घोरपडीला एव्हाना कळलं होतं. त्याने उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

"काका, बांधा ना. एकच लढत. हरलो तर सोडतो, आईशप्पथ."

पकड तीच, दहा वर्षांपूर्वीची. माझी बोटं बधिर व्हायला लागली. तू मला पोटच्या पोरासारखा आहेस म्हणून नाही बांधत, असं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी मोकळा हात उचलला आणि त्याच्या दंडावर थाप दिली. एक, दोन, तीन.

त्याची बोटं त्याच क्षणी उघडली.

तो आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिला. बाहेर गाणी लागली होती, लोक त्याच्याच नावाने ओरडत होते.

"शाबासकी होती?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"खरी दिलीत?"

"खरी."

त्याने मान हलवली. वस्ताद डोळे पुसत अधिकाऱ्याशी बोलायला गेले. मी बोथट टोकाची कात्री काढली. घोरपड खुर्चीवर नीट सावरून बसला, पाठीच्या कडेवर हात टेकवला.

"डावा आधी, काका."

"हो," मी म्हणालो. "डावाच आधी."

आणि मनगटापासून पट्टी कापायला लागलो.