आरशावरचा फोटो

माझं तोंड कात्रीपेक्षा जास्त चालतं, असं बायको म्हणते. त्यात खोटं काही नाही. सलून चालवायचं तर गप्पा हव्यातच, आणि गालावर वस्तरा टेकलेला माणूस वाद घालत नाही, हा या धंद्याचा मोठाच फायदा.

त्यात आमची पोरगी पंधराशे मीटरच्या शर्यतीत देशात पहिली आली. मग काय विचारता! वर्तमानपत्रातला तिचा फोटो मी मोठा करून आरशावर लावला. छाती पुढे, आणि लांबलचक वेणी मागे आडवी उडालेली. खुर्चीत बसेल त्याला मी तो दाखवायचो. ती काय खाते, पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर पहाटे साडेपाचला कशी पळते, सगळं सांगायचो. एका दाढीत शर्यत तीनदा जिंकून व्हायची. छाती फुगली होती माझी, आणि मी ती लपवत नव्हतो.

महिन्याभराने तिचे कोच दुकानात आले. दाढी नको म्हणाले, नुसतेच बाकावर टेकले.

"परदेशातल्या स्पर्धेसाठी दहा दिवसांनी निवड आहे," ते म्हणाले. "आणि पोरीला सहा सेकंद जास्त लागताहेत."

"पायाला काही झालंय का?"

"पाय ठणठणीत आहेत. लोक पळू देतील तर ना! रोज साडेपाचला चाळीस-पन्नास माणसं हजर. पळता पळता कोणीतरी आडवं येतं, ताई, एक फोटो. ही भिडस्त, थांबते. परवा एकाने वेणी ओढून बघितली, खरी आहे का म्हणून. कालपासून ती आलीच नाही. घरातून निघते ना?"

"वेळेवर निघते," मी म्हणालो. "रोज."

"मग कुठेतरी बसून राहत असेल. लोकांना वेळ कोणी सांगितली, देव जाणे."

देवाला कशाला मध्ये घ्यायचं? तोंडाला फेस लावून खुर्चीत बसलेले टेलरमास्तर आरशातून माझ्याकडेच बघत होते. त्यांनाही मीच सांगितलं होतं. माझे कान तापले.

त्या दिवशी दुपारीच शटर अर्धं ओढलं आणि पोरीला बोलावून घेतलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किती खूश होतात, बाबा," ती म्हणाली. "कसं सांगणार?"

यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. "चुकलं माझं," मी म्हणालो. एवढं छोटं वाक्य मी बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो.

ती खुर्चीत जाऊन बसली. आरशावरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "लोक मला नाही ओळखत, वेणीला ओळखतात. कापा."

तिची आई सकाळच्या पाळीला जायची, म्हणून शाळेत जाताना ती वेणी मीच घालून द्यायचो. गिऱ्हाइकं ताटकळायची, पण पेड सारखे आल्याशिवाय मी सोडत नसे. कात्री हातात घेतली तेव्हा डोळे भरून आले.

"मान खाली," मी म्हणालो. सगळ्यांनाच म्हणतो तसं.

मागून-बाजूने मशीन फिरवलं. फोटो उतरवला, तिथे दरपत्रक लावलं. पळायची वेळही तिने बदलली. ती मी कोणाला सांगितली नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी कोचांचा फोन आला. सहाच्या सहा सेकंद भरून निघाले होते, वर एक जादा. मी फोन ठेवतो तोच पोस्टमन दाढीला आले.

"तुमची पोरगी दिसत नाही हल्ली मैदानावर," ते म्हणाले. "डोक्यात हवा गेली वाटतं."

मी ब्रश फिरवत राहिलो.

"पण आज एक पोरगा बघितला. बारीक केस, सडपातळ. काय पळतो हो! तुमच्या पोरीला मागे टाकेल, राग मानू नका. कोणाचा आहे कोण जाणे. बाप नशीबवान."

सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. ओठ घट्ट मिटून मी वस्तरा उचलला.

"तुम्हाला तर सगळ्यांची खबर असते," पोस्टमन म्हणाले. "कोण हो तो?"

"हलू नका," मी म्हणालो. वस्तरा त्यांच्या गालावर टेकवला.