यहूदाचे चौऱ्याहत्तर चिंचोके

सोलापुरात भवानी पेठेतल्या त्या एका खोलीत भर दुपारी बारा ढीग मांडले होते आणि मायाक्का त्यांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. ढीग चिंचोक्यांचे. दोनच आठवड्यांपूर्वी सासूनं नव्या चिंचा फोडून चिंचोके घोंगडीच्या खळीसाठी डब्यात भरून ठेवले होते. डबा आता रिकामा आडवा पडला होता आणि आठ महिन्यांची वच्छी त्यावर थापा मारत होती.

"लाभ, दोन, तीन, चार..." मायाक्का हळू आवाजात मोजत होती. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की बायकांच्या वर्गातसुद्धा ती तसंच म्हणाली होती. शेजारची साळ्याची गंगम्मा पदर तोंडाला लावून हसली होती. "काय गं, पाटीवर काय जोंधळं मापतीस?"

हा वर्ग ख्रिस्ती मिशनच्या आवारात भरायचा. नवरा येडू गिरणीत गेला, भाकऱ्या-भांडी उरकली, वच्छीला काखेत घेतलं, की गंगम्मेबरोबर दोन तास. सासू, दगडाबाई, हिनं परवानगी दिली होती ती कुरकुरतच, आणि तीही गंगम्मा बरोबर आहे म्हणून. मायाक्काचं तिसरं पुस्तक संपत आलं होतं. तिला आता वाटेवरच्या दुकानांच्या पाट्या वाचता येत. एखादं अक्षर अडलं की ते रात्रभर दाढेत अडकलेल्या भाकरीच्या कोंड्यासारखं तिला सलत राही.

काल शिकवणाऱ्या दाक्षायणीबाईंनी मोठी बेरीज घातली होती. बेरजेत गोडी वाटावी म्हणून आकडे त्यांनी आपल्या धर्मग्रंथातून काढले होते. तीन हजार वर्षांपूर्वी इस्राएल नावाचे लोक गुलामीतून सुटून रानात तळ ठोकून होते. त्यांची बारा घराणी. त्यांच्या पुढाऱ्यानं घराण्याघराण्यातले वीस वर्षं पुरी झालेले, हत्यार धरू शकणारे पुरुष मोजायला लावले. रऊबेनाचे शेहेचाळीस हजार पाचशे. शिमोनाचे एकोणसाठ हजार तीनशे. यहूदाचे सगळ्यांत जास्त, चौऱ्याहत्तर हजार सहाशे. असे बारा आकडे बाईंनी फळ्यावर लिहिले, आणि सगळे मिळून किती ते घरून करून आणा म्हणाल्या.

मायाक्काला पाटीवरची बेरीज येत होती, पण पाटीवर माणसं दिसत नव्हती. म्हणून तिनं हजाराला एक चिंचोका धरला. वरचे शेकडे पाटीवर लिहून ठेवले. बारा ढीग लागले तेव्हा कुठं तिला तळ दिसला. हे दान, हे आशेर, हे पलीकडं नफताली. यहूदाचा ढीग चुलीपाशी, चांगला टेकाडासारखा.

पण बेरीज चुकली. सगळे चिंचोके मिळून पाचशे अठ्ठ्याण्णव यायला हवे होते, कारण पाटीवर हजारांची बेरीज तेवढी आली होती. जमिनीवर पाचशे सत्त्याण्णव भरले. ती पुन्हा मोजू लागली. मोजता मोजता तिचं लक्ष वच्छीकडं गेलं. पोर कधी नव्हे ती गप्प होती आणि तिचा एक गाल फुगलेला होता.

"अगं माझे बाय!" मायाक्कानं झेप घेतली, बोट घालून चिंचोका बाहेर काढला. लाळेनं चमकत होता. वच्छीनं आधी ओठ काढले आणि मग आईचं हसू बघून तीही हसली. "एक हजार माणसं गिळत हुतीस व्हय गं? कुणाची, दानाची?" मायाक्कानं तिला उराशी धरून तिच्या टाळूवर नाक घासलं. हिशेब जुळला. सहा लाख तीन हजार पाचशे पन्नास.

पाजता पाजता ती पाटीकडं बघत राहिली, आणि तेव्हाच तिला ते दिसलं. बारा आकड्यांतल्या अकरांच्या शेवटी दोन दोन पूज्यं होती. एकट्या गादाच्या आकड्याला पन्नास लागले होते. माणसं अशी शंभराशंभरानं कशी जन्माला येतील? पोरं काय शेकड्याच्या बेतानं होतात? मग तिला बाप आठवला. सांगोल्याकडच्या माळावर तिचा बाप मायाप्पा संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा राही, मेंढरं आत जात, आणि विसाला एक खडा तो ओच्यात टाकी. पाच खडे झाले की एक शेकडा. शेवटी पाच-सात मेंढरं उरली तर त्यांना खडा नाही. "ती माझ्या डोळ्यात हायती की," म्हणे. आणि कोकरं तर मोजायचीच नाहीत, पहिली कातरणी होईपर्यंत.

म्हणजे त्या रानात मोजणारा धनगरच असणार! मायाक्काला इतका आनंद झाला की कधी एकदा उद्याचा दिवस उजाडतो आणि बाईंना सांगते असं तिला झालं. आणि गादाच्या घराण्यात पन्नासही सोडू न देणारी कोण हटेल म्हातारी होती, तेही विचारायचं.

तेवढ्यात दगडाबाई शेळ्या बांधून आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"ह्ये काय मांडलंयस? खळीचं चिंचोकं हायती ती!"

"भरून ठिवते, आत्या. बाईंनी मोजायला लावलंय. माणसं हायती."

"माणसं?"

"व्हय. बारा घराण्यांची. ईस वर्सांच्या वरची समदी. लढायला जाण्याजोगी."

दगडाबाईच्या हातातली चाऱ्याची टोपली खाली आली. ती कुणाची घराणी, कुठली, कोण मोजतंय, हे तिनं काहीच विचारलं नाही. ती वळली आणि तशीच बाहेर गेली.

अंधार पडायच्या आत तिनं धाकट्या लेकाला, श्रीमंतला, गिरणीच्या दारातच गाठलं, धोतरात दोन भाकरी बांधून दिल्या आणि मोहोळच्या गाडीत बसवलं. तिथं तिची बहीण होती. श्रीमंतला नुकतंच विसावं लागलं होतं. येडू घरी आला तेव्हा भाऊ गेलेला. तो डोक्याला हात लावून बसला. "आये, खाडा पडला तर गिरणीतला जाबर त्येची जागा दुसऱ्याला दील! कोण मोजतंय? कुटली लढाई?"

"तुज्या बायकूला इचार," दगडाबाई म्हणाली. "त्या मिशनात गोरी मंडळी येती-जाती का न्हाय? ती बायकांकडनं घराघरातली पोरं मोजून घ्याया लागल्यात. आन ही हितं चिंचोकं मांडून त्येंना बेरीज करून दितीया. उद्यापासनं शाळा बंद."

मायाक्कानं जीव तोडून सांगितलं की ही गोष्ट जुनी आहे, लई जुनी, ती माणसं मरूनसुद्धा हजारो वर्षं झाली. दगडाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मागच्या बारीलाबी असंच गोड बोलून मोजलं हुतं."

त्यावर येडू उठून चुलीपाशी जाऊन बसला. ती मागची बारी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, कुंडलिकची. महायुद्धाच्या वेळी चावडीसमोर पोरांना भिंतीला लावून छात्या मोजल्या होत्या. कुंडलिकला जनावरांचं कळतं म्हणून खेचरांच्या पलटणीत घेतलं आणि समुद्रापलीकडं बसऱ्याला नेलं. लढाई संपून सहा वर्षं झाली होती. एक कागद आला होता, त्यावर पत्ता लागत नाही एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगम्मा हाक मारायला आली तेव्हा मायाक्का वच्छीला मांडीवर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिनं नुसती मान हलवली. गंगम्मेनं दगडाबाईकडं पाहिलं. तिला हिची भीती नव्हती. "काय हो दगडाबाई, सून नाही पाठवत तर तुम्ही चला. बाईला समोर विचारा की कोण मोजतो. आमच्या घरी पण तीन पोरं आहेत, मला पण कळूदे."

दगडाबाईनं क्षणभर विचार केला, डोक्यावर पदर ओढला आणि वच्छीला मायाक्काच्या मांडीवरून उचललं. "चल तर. तूबी चल गं. मला वाचता येत न्हाय म्हून मला फसवत्याली. तू बघ काय लिवलंय ती."

वर्गात वीसएक बायका चटईवर बसल्या होत्या. दगडाबाई दाराशीच उभी राहिली. "मास्तरीणबाई, ही मोजणी कुणाच्या हुकमानं?"

दाक्षायणीबाई पन्नाशीच्या, अक्कलकोटाकडच्या. हातातला खडू त्यांनी खाली ठेवला. "मावशी, आधी बसा. मूल अवघडलंय." मग त्यांनी तो जाड ग्रंथ उघडून मायाक्काच्या पुढ्यात ठेवला. "मी नाही सांगत. तूच वाच तुझ्या सासूला."

मायाक्काचं बोट अक्षरांवरून अडखळत फिरलं. रान, तळ, मोजणारा पुढारी, सगळं तिनं वाचलं. कुठं सोलापूर नव्हतं की बसरा नव्हता. दगडाबाईचा खांदा जरासा सैल पडला.

"आन बाई," मायाक्का न राहवून म्हणाली, "ह्या मोजण्यात घोळ हाय. समदी शंभराशंभरानं कशी? आमचा बाप मेंढरं मोजायचा तसं मोजलंया त्येनी. वरची सोडून दिली."

बाईंनी फळ्याकडं पाहिलं. एकेका आकड्याची पूज्यं बोटानं मोजली. "बावीस वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या, "पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. मेंढपाळच होते गं ते. तुझं खरंही असेल."

गंगम्मा म्हणाली, "मग वरची माणसं कुठं गेली? बिनमोजणीची?"

बायका हसल्या. दगडाबाई हसली नाही. ती पुढं सरकून बसली. "तसं न्हाय. वर धरत असत्याल काही काही. ईसाला दोन कमी असली तर ईसच म्हनत्यात की." वच्छी तिच्या गळ्यातल्या माळेशी खेळत होती. "चावडीत सायबानं मला इचारलं, पोरगं किती वर्सांचं? मी म्हनलं, ईस. मला काय ठावं? आमच्यात समदं ईसानंच मोजत्यात. पोराला मिसरूड फुटलं की झालं ईस. घरी येऊन पोराच्या बानं हिसाब केला, तवा अठराच भरलं. पर तवर कागदावर ईस लागलं हुतं." तिनं बाईंकडं पाहिलं. "ह्येंच्यातबी असंल का कुनी अठराचं? ईसात धरल्यालं?"

खिडकीबाहेर गिरणीचा भोंगा झाला आणि विरला.

"असतील मावशी," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "लिहिलेलं नाही. पण आयांनी सांगितलेली वयं असणार ती. असतीलच."

"आन परत किती आली?"

बाईंनी तो ग्रंथ पुन्हा पुढ्यात ओढला. पानं उलटत त्या बऱ्याच पुढं गेल्या. "चाळीस वर्षांनी पुन्हा मोजलं त्यांना. हे बघा, सहा लाख एक हजार सातशे तीस. पण ती पहिली नव्हेत. पहिल्या मोजणीतले दोघेच उरले होते. बाकीचे रानातच राहिले."

"दोघं."

"हो. आणि जे त्या वेळी विसाच्या आतले होते, मोजणीत न धरलेले, ते वाचले. नवी मोजणी झाली ती त्यांची आणि त्यांच्या पोरांची."

मायाक्काला वाटलं, बाईंनी हे सांगायला नको होतं. तिनं भीत भीत सासूकडं पाहिलं. दगडाबाईचे ओठ हलत होते, ती काहीतरी मोजत होती. मग ती हळूच म्हणाली, "अठराचा म्हंजी ईसाच्या आतलाच की," आणि पदराच्या टोकानं वच्छीचं नाक पुसलं.

परतीच्या वाटेवर तिनं पोस्टातून एक कार्ड घेतलं. घरी आल्यावर मायाक्काला बसवलं. मायाक्कानं याआधी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. टाक बोटात घट्ट धरून ती एकेक अक्षर काढू लागली आणि दगडाबाई समोर बसून सांगू लागली. "लिव. श्रीमंत, तू निघून ये. मोजणी लई जुनी हाय. आपली न्हाय. लिवलंस?"

"मोजणी जुनी हाय," मायाक्का म्हणाली. "पुढं?"

"जाबरानं इचारलं तर म्हनावं मावशी आजारी हुती. ह्ये नगं लिवू, मावशी वाचून घील कुनाकडनं तरी."

मायाक्का खुदकन हसली आणि कार्डावर शाईचा थेंब पडला. दगडाबाईनं तो बोटानं टिपला, ते बोट केसाला पुसलं, आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "ती दुसरी मोजणी गं. बाईनी घराण्याघराण्याची दावली का तुला?"

"पान बघितलं मी. शिमोनाचं एकोणसाठ हजार हुतं न्हवं? दुसऱ्या मोजणीला बावीसच हजार भरलं, वर दोनशे. मनश्शेचं मातुर वाढलं, बत्तिसाचं बावन्न झालं."

"सदतीस हजार कमी?" दगडाबाई ताठ बसली. "एकाच घरातली? रोग आला का, का लढाईत गेली, का कुनी दुसऱ्या घराण्यात धरली?"

"ठावं न्हाय, आत्या. तितवर वाचलंच न्हाय."

"मग वाच की. इचार बाईला." तिनं हात पुढं करून वच्छीला ओढून घेतलं, आपल्या मांडीवर बसवलं. "उद्या जरा लौकर जा. पोरीला मी बघते."