टर्नबुलांच्या घरची थाळी

मी एक जुनी कथलाची थाळी आहे. मित्रांनो, माझं वय मात्र विचारू नका. गावातले लोक म्हणतात चारशे वर्षं, आणि मला स्वतःला आठवतात ती जेमतेम शंभर. खरं कोणाचं, या विचाराने माझं डोकं पार चक्रावून गेलं आहे.

मला आठवतं ते असं. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या डोंगरांत, एका जत्रेत टर्नबुलांच्या आईने मला विकत घेतलं. उकडलेले बटाटे, खारवलेली हेरिंग मासळी, ओटच्या भाकऱ्या, हेच माझं जग. आई गेल्यावर घरात ग्रिझेल आणि तिचा धाकटा भाऊ निनियन असे दोघेच उरले. निनियन आधी कविता करायचा, मेंढ्यांवर, धुक्यावर, जुन्या लढायांवर. मग तो ऐतिहासिक कादंबऱ्या लिहू लागला आणि तिथेच माझा घोळ सुरू झाला.

त्या कादंबऱ्या आमच्याच डोंगरांतल्या जुन्या लुटारू घोडेस्वारांच्या. त्यांच्या घरांत म्हणे एक रीत होती. घरातलं मांस संपलं की घरची बाई पुरुषांपुढे झाकलेली थाळी आणून ठेवायची. झाकण काढावं तर आत जेवण नाहीच, घोडेस्वारांनी टाचेला बांधायचे लोखंडी काटे! पुढे कुणी काही बोलायचं नाही. पुरुष निमूट उठायचे, घोड्यांवर बसायचे आणि सीमेपलीकडून गुरं हाकून आणायचे.

निनियनने हा प्रसंग असा रंगवला की विचारू नका. पण त्यात थाळी म्हणून घातलं ते मलाच! माझ्या काठाला पडलेल्या पोच्यासकट. कादंबरीत तो इंग्रजांच्या तलवारीने पडला होता.

"अरे, मांजरामागे मी फेकली होती ना ती!" ग्रिझेल म्हणाली.

"कादंबरीत मांजर शोभत नाही गं."

पुस्तक गाजलं. लांबून लांबून वाचक यायला लागले आणि टोप्या काढून माझ्यापुढे उभे राहायला लागले. निनियनने कुठून तरी जुने काटे मिळवून भिंतीवर टांगले. "हीच बरं का ती थाळी," तो छाती फुगवून सांगायचा. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. पण मी आठवून आठवून दमले. कुठले स्वार, कुठली गुरं? मला बाई हेरिंगशिवाय काही आठवेचना.

पुढे त्याने नवी कादंबरी लिहायला घेतली. तिचा नायक वॉट, जुन्या काळी खरंच होऊन गेलेला स्वार, घरी परतताना घोडा घेऊन नदीच्या पुरात शिरला, आणि निनियनने लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. त्याची नजर अधू होत चालली होती. थोड्याच दिवसांत अक्षर दिसेनासं होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"तू सांग, मी लिहिते," ग्रिझेल रोज म्हणायची.

"उद्या बघू." आणि हा पाहुण्यांपुढे जुन्याच गोष्टी उगाळत बसायचा. पुस्तक असंच अर्धवट राहणार, या धास्तीने ग्रिझेलला जेवण गोड लागेना.

एका रविवारी दोघं चर्चमधून आली. निनियन टेबलाशी बसला. ग्रिझेलने मला झाकून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने झाकण काढलं, चमचा घातला आणि लोखंड खणखणलं. तो बोटांनी चाचपत राहिला. आता हा मला भिंतीवर आपटतो, म्हणून मी गारठून गेले.

"घरात मटण आहे, ग्रिझेल. मला वास येतोय."

"आहे ना. तुझ्या डोक्यातलं मात्र सगळं संपलेलं दिसतंय. तो बिचारा वॉट गेल्या हिवाळ्यापासून गार पाण्यात कुडकुडतोय. काढ त्याला बाहेर, नाहीतर बुडव एकदाचा! बायको दारात खोळंबली आहे त्याची."

निनियन लालबुंद झाला. मग एकदम खो खो हसत सुटला. "आण बाई, आण लेखणी," तो म्हणाला.

तो सांगत गेला, ती लिहीत गेली. शेवटी एका दुपारी तो हळूच म्हणाला, "वॉट बुडाला."

ग्रिझेलचा हात थांबला. "मी नाही लिहिणार."

"अगं, तो माणूस खरोखरच बुडाला होता."

"या थाळीबद्दल थापा मारल्यास, तेव्हा कुठे गेला होता तुझा खरेपणा?"

मी शरमेने चूर झाले.

"थाळी कुणाची वाट बघत नव्हती, ग्रिझेल. वॉटची बायको बघत होती. खरीखुरी दारात उभी होती ती. तो आला, असं तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

ग्रिझेलने डोळे पुसले आणि लिहिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा निनियनला दिसत नव्हतं. तिने ते त्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं.

आता ती दोघंही नाहीत. मी गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात असते. माझ्यात ते काटे मांडले आहेत आणि शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'लुटारू स्वारांच्या काळातली थाळी'. मुलं काचेला नाक लावून बघतात. मला अजूनही कळत नाही, यावर हसावं की रडावं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण त्या ज्यांनी हाताळल्या त्या माणसांनाही जपा. माझ्यात काटे वाढले गेले, हे खरंच आहे. एकदाच वाढले गेले. ते ग्रिझेल टर्नबुलने वाढले, आणि आंधळा होत चाललेला तिचा भाऊ उठून कामाला लागला. त्या चिठ्ठीवर तिचं नाव नाही. कुणीतरी तेवढं लिहा हो.