धोंडू मेतराची पेज

तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापणीचे लांबलचक जाळे ओढणारे हात पुष्कळ होते. परंतु पाण्याचा रंग वाचणारे डोळे एकट्या धोंडू मेतराचेच. माडाखाली उभे राहून तो समुद्र न्याहाळी. कुठे पाणी किंचित काळवंडले, की टॉवेल फिरवून होडीला दिशा दाखवी आणि मग जाळे पडे. असा हा मनुष्य साठाव्या वर्षी मोतीबिंदूने ग्रासला. गेल्या चैत्रात त्याने ढगाच्या सावलीस बांगड्यांचा थवा समजून टॉवेल फिरवला आणि चाळीस माणसांनी घाम गाळून शेवाळ ओढले.

"दादा, तू आता बस," चुलतभाऊ महादू म्हणाला. "नारळी पुनवेपासून मी उभो रवतंय."

हे शब्द धोंडूच्या अंतःकरणात गळासारखे रुतले. दुसऱ्याच दिवशी तो मालवणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी डोळा पाहिला, रक्ताचा कागद पाहिला आणि मान हलवली.

"उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशी! एवढ्या साखरेत मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर आहे तेवढी नजरही जाईल. गोळ्या वेळेवर घ्या, खाणे आवरा, तीन महिन्यांनी या."

धोंडूने त्याच क्षणी निश्चय केला. चहातली साखर गेली, लाडू गेले, आणि कोकणी माणसाचा प्राण जो भात, तोही गेला. गोळी एकदाही चुकली नाही. तथापि महिन्याने पुन्हा रक्त तपासले, तेव्हा आकडा अवघा बारांनी उतरला होता. धोंडू खचला. एवढा त्याग करूनही फळ नसेल, तर माडाखालची जागा गेलीच म्हणायची.

उपकेंद्रातील परिचारिका जेसिंता हिला हे कोडे उलगडेना. ती एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास स्वतःच त्याच्या घरी आली.

"काकानू, खराखरा सांगा. भात सोडलास मां?"

"देवाशपथ सोडलंय. शेवंतीक इचार."

"एक शीत खायत नाय गो!" असे म्हणत त्याची बायको शेवंती आतून आली आणि तिने नवऱ्यापुढे भलामोठा वाडगा ठेवला.

"आणि ह्या काय?"

"ही? ही पेज."

"दिवसाक कितके वाडगे?"

धोंडूने निरागसपणे बोटांवर मोजले. "सकाळी दोन, आता दोन. दुपारी भात नाय, म्हणान तीन. रातीचे दोन."

जेसिंताने कपाळावर हात मारला. "काकानू, तुमी भात सोडूक नाय. तुमी भात पितास!"

"पण पेज आजाऱ्याक देतत गो! तापात माझ्या आवशीन माका पेजेवर जगवल्यान. ती कशी वायट?"

"वायट कोण म्हणता? पण तुमचो आजार तापाचो न्हय."

धोंडूने वाडगा हलवून पाहिला. ज्या पेजेला त्याने आयुष्यभर अन्नात धरलेच नव्हते, तिच्यातच सगळा तांदूळ विरघळलेला होता! मग त्याने वाडगा उचलून शेवंतीच्या हाती दिला.

त्या दिवसापासून खरी झुंज सुरू झाली. सकाळी पेजेची एकच लहान वाटी. दुपारी नाचणीची एक भाकरी, कुळथाची उसळ, पालेभाजी आणि बिनतळलेली मासळी. पहिले दहा दिवस दहाचा सुमार झाला, की पोट कळवळून उठे. तेव्हा तो उठून थेट सुरूच्या बनापर्यंत चालत जाई. प्रत्येक जेवणानंतरही हीच फेरी. पायांना बधिरपणा आल्याने जेसिंताने चपला सक्तीच्या केल्या होत्या. जन्मभर अनवाणी वावरलेल्या धोंडूला त्यांची लाज वाटे.

"चपला घालून रेवेर?" महादू ओरडला. "दादा, तू तारकर्लीचो पावणो काय रे?"

"होय रे, खोली रिकामी आसा काय?" धोंडू म्हणाला आणि पावले न थांबवता पुढे गेला.

आषाढ सरता सरता डॉक्टरांनी नवा कागद हाती घेतला. उपाशीपोटी एकशे अठरा! तीन महिन्यांची सरासरीही खाली आली होती.

"गोळ्या आणि हे खाणे, दोन्ही चालू ठेवा," डॉक्टर हसून म्हणाले. "सोमवारी डोळा करू."

पट्टी सुटली तेव्हा शेवंतीच्या साडीवरची बारीक फुले त्याने एकेक करून मोजली. ती लाजून म्हणाली, "पुरे आता, लोक बगतत!"

नारळी पौर्णिमेनंतर रापण पुन्हा निघाली. महादू माडाखाली टॉवेल घेऊन उभाच होता. धोंडू त्याच्या शेजारी येऊन पाणी न्याहाळू लागला. काही वेळाने तो हलकेच म्हणाला, "महादू, उजव्या हाताक बघ."

"माका काय दिसत नाय."

"मग टॉवेल हाड हंय."

महादूने क्षणभर विचार केला आणि टॉवेल दिला. धोंडूने तो असा गरगर फिरवला, की होडी वळली, जाळे अर्धवर्तुळात पडले, दोन्ही दोर किनाऱ्याला आले. चाळीस माणसे ओढू लागली. जाळे हलेना! बाजारास निघालेल्या बायकांनीही पदर खोचून दोर धरले. अखेर वाळूवर रुपेरी बांगड्यांची रास उसळली आणि एकच गलका झाला.

"दादा, जितलंस रे!" महादू त्याच्या खांद्याला धरून ओरडला.

धोंडूचे तिकडे लक्षच नव्हते. त्याची नजर लाटांच्या पलीकडे लागली होती.

"बोंबलतंस कित्याक?" तो म्हणाला. "होडी परत लोट. आजून एक थवो आसा."