पाचकाची डबी

यशवंत सरांना पोटाचा त्रास आहे, हे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. जेवण झालं की सर सदऱ्याच्या खिशातून पाचकाची चपटी डबी काढायचे, एक गोळी जिभेवर ठेवायचे आणि वर तांब्याभर पाणी प्यायचे.

डबीत पाचक नव्हतं, हे फक्त त्यांच्या बायकोला, मीनाबाईंना माहीत होतं. मुख्याध्यापक असतानाच्या शेवटच्या वर्षांत सरांना भिंतीपलीकडून माणसं बोलल्यासारखी ऐकू येऊ लागली. सगळा स्टाफ आपल्यावर टपलाय, असं वाटायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आवाज थांबले. गोळ्या मात्र थांबवायच्या नव्हत्या. मग ‘पेन्शनचं काम आहे’ म्हणून सर पुण्याला जायचे, गोळ्या सोलून डबीत भरायचे आणि रिकामी पाकिटं स्टेशनवरच टाकून यायचे.

वस्तीतल्या बुद्धविहारात बोलायला उभे राहिले की हेच सर ठणकावून सांगायचे, “अंगात येणं-बिणं काही नसतं. मनाचा आजार असतो. त्यात लाज कसली? डॉक्टरकडे जा.” त्यांचं ऐकून दोघं-तिघं गेलेही होते.

एके सकाळी सर आंघोळीला गेले तेव्हा सदरा खुर्चीवर होता. तीन वर्षांची नात आरोही तिथंच खेळत होती. खरं पाचक तिला फार आवडायचं. अधूनमधून तिच्यासाठी घरात यायचं, अगदी तसल्याच डबीतून.

दुपारी पोर पेंगायला लागली. भातही खाल्ला नाही. “ऊन लागलं असेल,” म्हणत सून अपेक्षानं तिला पंख्याखाली निजवलं. जेवण झाल्यावर सरांनी खिशात हात घातला. डबी नव्हती. ती पलंगाखाली सापडली, झाकण उघडं. बाजूला दोन गोळ्या पडल्या होत्या, चाखून टाकलेल्या, ओलसर.

सर गुडघ्यांवर तसेच बसून राहिले. एखादी चाटली असेल, कडू लागली असेल, थुंकली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गोळ्या रुमालात बांधून खिशात टाकल्या. बाहेर अपेक्षा धुणं वाळत घालत होती. तिला एक हाक मारायची होती, तेवढंच. ती त्यांनी मारली नाही.

संध्याकाळी आरोही किंचाळत उठली. तिची मान एका बाजूला पिळली गेली होती, डोळे वर ओढले होते, जीभ बाहेर आली होती. शेजारची मल्लव्वा धावत आली आणि दारातच थांबली. “बाहेरचं हाय की हे! अंगारा लावा आदी.”

एरवी सरांनी तिला तिथल्या तिथं झापलं असतं. आज त्यांनी खिशातला रुमाल चाचपला. अपेक्षानंच लेकीला उचललं आणि रिक्षा बोलावली.

सात रस्ता चौकाजवळच्या मुलांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोरीला तपासता तपासता विचारलं, “उलटीचं काही औषध दिलं होतं? घरात कुणाला झोपेच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत?”

“नाही,” अपेक्षा म्हणाली. तिला तो प्रश्न लागलाच थोडा. “आमच्या घरात असलं कुणी नाही.”

सर भिंतीला टेकून उभे होते. रुमाल खिशात होता.

“मग मेंदूज्वर तर नाही ना, ते बघावं लागेल,” डॉक्टरीण म्हणाली. “गरज पडली तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासू.”

अपेक्षाचा चेहरा पांढरा पडला. मीनाबाई नवऱ्याजवळ सरकल्या. “अवो, तुमी बोलता का मी बोलू?”

सरांनी रुमाल काढून टेबलावर सोडला. गोळीचं नाव त्यांना पाठ होतं. ते त्यांनी शाळेत हजेरी द्यावी तसं सांगितलं आणि म्हणाले, “माझ्या आहेत. किती खाल्ल्या, माहीत नाही. सकाळी खाल्ल्या असाव्यात. दुपारी... दुपारी कळलं होतं मला.”

“दुपारी?” अपेक्षा एवढंच म्हणाली.

डॉक्टरिणीला रागवायलाही सवड नव्हती. तिनं नर्सला इंजेक्शन सांगितलं. थोड्या वेळात पोरीची मान सैल पडली, जीभ आत गेली, डोळे खाली आले. तिनं आईला पाणी मागितलं. अपेक्षा तेव्हा रडली. हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र छातीला लावून पोरीला दवाखान्यातच ठेवून घेतलं, कारण गोळ्यांचा असर उतरेपर्यंत मान पुन्हा वळू शकते, असं डॉक्टरीण म्हणाली.

मुलगा संघपाल कुर्डुवाडीला रेल्वेत होता. तो ड्यूटी सोडून आला. लेकीला बघून आल्यावर बाहेर बाकावर बापाशेजारी बसला.

“आजाराचं राहू द्या, बाबा. आजार कुणालाही होतो. पण दुपारी का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

“पोरीपेक्षा जास्त?”

 

आरोही बरी होऊन घरी आली, हसू-खेळू लागली. पण अपेक्षा तिला सरांच्या खोलीत पाठवेना, आणि सर बोलवेनात. त्यांनी कुलुपाचं लहान कपाट आणून उंचावर ठोकलं. गोळ्या आता पाकिटासकट त्यात ठेवल्या. किल्ली घेऊन ते सुनेपुढे गेले.

“मला नको,” ती म्हणाली. “गोळ्या तुमच्या, सांभाळायच्या तुम्ही. पण सांभाळताय हे मला दिसू द्या.”

एका सकाळी नळावर मल्लव्वानं विचारलंच, “काय झालतं वो सर पोरीला?” नातू तिच्या पदराला धरून उभा होता. पलीकडे अपेक्षा घागर घासत होती.

“ऊन...” सरांनी सुरुवात केली. मग थांबले. “ऊन नव्हतं. माझ्या गोळ्या खाल्ल्या तिनं. डोक्याच्या. मला आजार आहे, बऱ्याच वर्षांपासून.”

मल्लव्वानं नातवाचं मनगट धरून त्याला आपल्या मागं ओढलं आणि भांडं अर्धंच भरलेलं असताना उचलून निघून गेली.

सर नळाशी उभे राहिले. पाणी वाहत होतं, तेही बंद करायचं त्यांना सुचेना. अपेक्षानं हात लांबवून नळ बंद केला.

“बाबा, आत चला,” ती म्हणाली. “भाकरी गार होतीय.”

तिच्या आवाजात माया नव्हती, पण दवाखान्यातून आल्यापासून तिनं त्यांना जेवायला पहिल्यांदाच हाक मारली होती. सर मान खाली घालून तिच्यामागोमाग घरात गेले.