केसरबाईचा तांब्या

कमळाकरच्या घरात म्हातारपणाला फार मान होता. म्हाताऱ्या माणसांचं मात्र तसं काही नव्हतं.

भाईंदर पश्चिमेला खाडीच्या अंगाला, कोळीवाड्यात त्याचं घर. बाप पंढरीनाथ होडीवर, आई केसरबाई मासळीबाजारात, आणि हा एकुलता एक मुलगा चित्रकला शिकून मुंबईच्या एका जाहिरातीच्या स्टुडिओत लागलेला. तिथे तो साबणाचा फेस नाचवायचा, टूथपेस्टवाले दात हसवायचा. ते पोटासाठी. घरी आला की मागच्या खोलीत स्वतःच्या छोट्या फिल्म करत बसायचा, आणि त्या झाडून सगळ्या म्हातारपणावर. "माणूस थकला की मगच खरा दिसायला लागतो," असं तो मुंबईतल्या मित्रांना सांगायचा. मित्र माना डोलवायचे. त्यांची म्हातारी माणसं गावाला होती.

त्याची कामाची रीत न्यारी होती. टेबलावर आडवी काच, काचेखाली दिवा, आणि काचेच्या वर, खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा. काचेवर तेलरंगात बोटांनी चित्र काढायचं आणि बटण दाबायचं. मग तेच चित्र चिंधीने थोडं पुसायचं, हात असेल तर हात केसभर पुढे न्यायचा, पुन्हा बटण. कागदावर काढलेली चित्रं गठ्ठा करून ठेवता येतात. इथे जुनं पुसल्याशिवाय नवं काढताच येत नाही. चुकलं तर मागे जायची सोय नाही. दिवसभर मान मोडून बसावं आणि पडद्यावर ते पापणी लवेपर्यंत संपून जावं, असला तो धंदा. पण हलताना ते चित्र असं काही थरथरायचं, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. कला त्याच्या हातात होती, ते नाकारून चालणार नाही.

पहिली फिल्म बापाच्या तोंडावर होती. दात गेलेला पंढरीनाथ भाकरी कशी चघळतो, घास गालात कसा हरवतो, एवढंच. म्हातारा छातीत कफ होऊन अर्ध्यातच गेला आणि फिल्मही अर्धीच राहिली. बाप गेल्याचं दुःख कमळाकरला झालं, नाही असं नाही. पण भाकरीचा शेवटचा घास बघायचा राहिला, ही हळहळ जास्त दिवस टिकली. त्यातून तो एवढंच शिकला, की म्हातारं माणूस हाताशी आहे तोवर काम उरकून घ्यावं.

मग आईची पाळी आली. केसरबाईचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर तिने जन्मभर बाजार केला, आणि गिऱ्हाईकाने बोंबील ताजा नाही म्हणायची हिंमत केली नाही. त्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरला होता. दुपारी ती भुईवर चटई टाकून पडायची, उजव्या हाताला पाण्याचा पितळी तांब्या. एका दुपारी कमळाकरने पाहिलं: आईचा हात पाण्यासाठी निघाला, तांब्याच्या अलीकडे थबकला, बोटं भुईवरून खेकड्यासारखी इकडून तिकडे गेली आणि मग एकदम तांब्याला लागली. त्या लागण्याच्या क्षणी म्हातारीचा सगळा चेहरा सैल झाला. कमळाकरला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, आनंदच झाला. फिल्मचं नावही त्याला तिथेच सुचलं: 'चाचपणी'.

केसरबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. बाजारात एक जुनी रीत होती. पावसाळाभर बंद असलेला बाजार नारळी पुनवेनंतर पुन्हा भरला की पहिल्या दिवशी जी बाई जिथे टोपली मांडेल, ती जागा वर्षभर तिची. आजारी बाईच्या जागेवर तिचा पाट उलटा घालून ठेवत आणि दुसरी कोणी तरी तात्पुरती बसे. पण पुनवेनंतर पाट सुलटा करायला बाई स्वतः आली नाही, तर जागा गेली. केसरबाईची जागा दाराजवळची, बाजारातली पहिली, तिच्या सासूपासून चालत आलेली. तिथे सध्या शेजारची सुलू बसत होती. सुलू मनाची वाईट नव्हती, पण दाराजवळची जागा कोणाला नको असते?

"डोला आला का मी बसनार," केसरबाई येईल त्याला सांगायची. "मना घरात बसून मरायचं न्हाय."

शिमग्याच्या सुमाराला शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. कमळाकर आईला रिक्षात घालून घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बाकावर बसवलं आणि कमळाकरला आत बोलावून अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सांगितलं, की मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आता दिवस काढू नका, एकच डोळा आहे, या महिन्यातच करून टाकू.

कमळाकर बाहेर आला. पाच पावलांवर आई बसली होती. तेवढ्या वेळात त्याच्या डोक्यात सगळं येऊन गेलं. डोळा आला की जाड भिंगांचा चष्मा येणार. तांब्या दिसणार, हात सरळ जाणार. काचेवरचा हात तर जेमतेम अर्ध्या वाटेवर होता, आणि पुढची वाट आईच्या हाताकडे बघूनच काढायची होती.

"काय बोलला रं डाक्टर?"

"अजून कच्चा आहे म्हणाले. पिकू दे, मग काढू."

"मंग ऱ्हाऊ दे बाबा. कच्चा काढला तर डोला जातो."

हे सगळ्या भाईंदरला ठाऊक होतं. मोतीबिंदू पिकल्याखेरीज काढायचा नसतो, हे आंधळं पोरही सांगेल. म्हणून कोणाला संशय आला नाही. उलट बाजारातून येणारी-जाणारी बाई दारातून हाक मारून विचारायची, "केसरबाय, पिकला का?" आणि केसरबाई भरतीची वाट बघावी तशी शांतपणे म्हणायची, "पिकतोय, पिकतोय."

कमळाकरने स्टुडिओत सकाळची पाळी मागून घेतली. रोज दुपारी तिच्यासमोर बसून तो हाताचे कागदावर कच्चे आराखडे काढी आणि मग आत जाऊन ते काचेवर उतरवी. रोजच्या सवयीने आईचा हात तांब्यावर नेमका पडायला लागला, तेव्हा त्याची पंचाईत झाली. मग तो तांब्या हळूच वीतभर सरकवू लागला. हात यायचा, मोकळ्या भुईवर पडायचा, बोटं गोंधळायची. कमळाकरची पेन्सिल भराभर चालायची.

त्याची बायको शालू विरारची, शिकलेली, बोलायला फटकळ. तिने हे पाहिलं.

"अहो, काय चालवलंय? पाणी मागतायत त्या!"

"हळू बोल. बघतोय मी. मिळेलच तिला."

शालू तांब्या उचलून सासूच्या हातात द्यायची आणि धुसफुसत आत जायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सरकवायचा. शालू तरी किती दिवस भांडणार? पुढे पुढे ती दुपारची शिवणाच्या क्लासला जायला लागली. बघायला नको आणि बोलायला नको.

आषाढ सरला. केसरबाईने दोनदा विचारलं, "पुन्यांदा दाखवूया का रं? पुनव आली." कमळाकर दोन्ही वेळा म्हणाला, "जाऊ या, स्टुडिओत घाई आहे जरा." नारळी पुनव झाली. बाजार भरायच्या दिवशी केसरबाईने ऐकलं नाही. शालूच्या हाताला धरून गेली, पाट चाचपून सुलटा केला आणि बसली. बायकांनी टाळ्या पिटल्या. पहिल्याच गिऱ्हाईकाचा हलवा मासा कापताना पायाखालचा कोयता उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी बसला. रक्त, आरडाओरडा, पळापळ. सुलूनेच लुगड्याची चिंधी फाडून बांधली आणि तिला घरी आणून सोडलं. रीतीने जागा वर्षभर केसरबाईचीच होती, पण पाट कोणी पुन्हा उलटा घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून सुलू तिथे आपल्या हक्काने बसू लागली.

दुपारी कमळाकर घरी आला, आईचा हात पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पट्टी किती दिवस ठेवायची?" त्याने विचारलं.

शालूला वाटलं, काळजीने विचारतोय. पण त्याच्या फिल्ममधल्या हाताला पट्टी नव्हती. त्या आठवड्यात दुपारी तो आईची पट्टी सोडायचा, आराखडा करायचा, पुन्हा बांधायचा. जखम चिघळली. केसरबाई म्हणायची, "माझा पोर रोज हाताची पट्टी बदलतो," आणि शेजारणींना त्याचं कौतुक वाटायचं.

दिवाळीच्या आधी शेवटचा भाग आला. हात तांब्याला लागतो की नाही, एवढंच उरलं होतं. कमळाकरने स्टुडिओतून रजा घेतली. आणि त्याच दिवसांत केसरबाईचा डोळा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या.

"पिकला वाटतं," ती कण्हत म्हणाली. "आता तरी ने."

"परवा नेतो. पित्त झालंय तुला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शालू क्लासला गेलेली, कमळाकर काळे कागद लावलेल्या खोलीत काचेवर वाकलेला. तांब्या आणि बोटं यांच्यात फक्त नखभर अंतर राहिलं होतं, आणि ते कसं मिटवावं हे त्याला सुचत नव्हतं. तेवढ्यात दार लोटून आई आली. भिंत धरत, ठेचकाळत, "कमल्या, कमल्या" करत. आधाराला काहीतरी हवं म्हणून तिने हात पुढे टाकला तो थेट काचेवर. तांब्या, बोटं, भुई, सगळं तिच्या पंजाखाली फरफटलं.

कमळाकर ओरडणार होता. पण त्याची नजर काचेवर गेली. खालून दिवा आणि वर पाच बोटांचा ओरखडा. रंगवलेल्या हाताला खरा हात पुसून पुढे गेलेला. इतक्या महिन्यांत त्याला जे जमलं नव्हतं, ते समोर आयतं पडलं होतं.

"हलू नकोस, आई," तो म्हणाला, आणि तिचं मनगट उचलून बाजूला धरून त्याने बटण दाबलं.

"डोला फुटतोय रं."

"झालंच. अजून एकदा."

त्याने तिचा पंजा पुन्हा रंगात टेकवला, केसभर ओढला, उचलला, बटण दाबलं. पुन्हा टेकवला. ती बोलायची थांबली आणि नुसती कण्हत राहिली. रंगाचा हात डोळ्याला लागू नये म्हणून त्याने तिचं मनगट एकदाही सोडलं नाही, एवढी काळजी मात्र घेतली. शालू परत आली तेव्हा उन्हं कलली होती, केसरबाई टेबलाला टेकून ओकत होती आणि कमळाकर हात पुसत होता. फिल्म पुरी झाली होती.

इस्पितळात नेमके शिबिरातलेच डॉक्टर होते. त्यांना ही एका डोळ्याची बाई आठवत होती.

"हा पिकून केव्हाच पुढे गेला," ते चक्क मराठीत म्हणाले. "आत दाब चढून शीर मेली. आता काढून उपयोग नाही. शिमग्याला मी तुम्हाला काय सांगितलं होतं? पिकलाय, लगेच करू या, म्हणूनच सांगितलं होतं ना?"

केसरबाई स्टुलावर बसून ऐकत होती. बाजारात जिचा आवाज खाडीपलीकडे जायचा, ती उठली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "शालू, घरी चल."

त्यानंतर तिने बाजाराचं नाव काढलं नाही. तांब्या मात्र त्या दिवसापासून जागचा हलला नाही. कोणाला गरजच उरली नव्हती.

'चाचपणी'ला दुसऱ्याच वर्षी बक्षीस मिळालं, परदेशात दाखवली गेली, पेपरात फोटो आला. मग गावालाही जाग आली. गावातल्या मंडळाचे अध्यक्ष धर्माजी यांनी शाळेच्या सभागृहात सत्कार ठेवला. केसरबाईला नवं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवलं, एका बाजूला शालू, दुसऱ्या बाजूला कमळाकर. मुंबईहून आलेले पाहुणे बोलले, की शेवटचा तो पुसट होत जाणारा पंजा पाहून आपण रडलो, आणि आईवर एवढं प्रेम असल्याशिवाय असं चित्र हातून होत नाही. धर्माजींनी लेकरू असावं तर असं म्हणून टाळ्या घेतल्या. मग दिवे गेले. फिल्मला आवाज नव्हताच, मागे नुसतं मशीन फिरत होतं.

"काय हाय आता?" केसरबाईने विचारलं.

"हात आहे, आई. तुमचा," शालू म्हणाली.

"मंग?"

"पुढे चाललाय."

केसरबाई दुसऱ्या बाजूला वळली.

"कमल्या, तांब्या हाय का जागेवर?"

कमळाकर तिच्याकडे वळला. ही सगळं ओळखून होती. रोज दुपारी, वीतभर अंतरावर तो श्वास रोखून बसलेला असताना, हिला ठाऊक होतं. तरी हिने हात पुढे केला होता.

"हो, आई. जागेवरच आहे."

"शालू?"

पडद्यावर रंगवलेला तांब्या हलकेच बोटांपासून लांब गेला. मागे कोणीतरी वा म्हणालं.

"नाही, आई," शालू म्हणाली. "सरकवलाय."

"हितं पन?" केसरबाई म्हणाली. आवाज बाजारातला, जुना होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मना वाटलं, चितरात तरी हाताला गावंल."

पडद्यावर तिचा पंजा सगळं पुसत चालला होता. दिवे लागले, लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि धर्माजी हार घेऊन कमळाकरकडे आले. तो उठून उभा राहिला आणि त्याने मान पुढे केली.